टाळ्यांनंतरचे बारा दिवस

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), जिल्हा परिषद, सोलापूर,
मा. प्रशासनाधिकारी, महापालिका शिक्षण मंडळ, सोलापूर,
तसेच शहर व जिल्ह्यातील सर्व मुख्याध्यापक आणि विज्ञान शिक्षक.

विषय : राष्ट्रीय अंतराळ दिन एका दिवसाऐवजी बारा दिवस पाळावा आणि ग्रहसंशोधनाचे प्रत्यक्ष काम विद्यार्थ्यांच्या व नागरिकांच्या हाती द्यावे, याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. चादरी आणि टॉवेल यांच्या जेकार्ड नक्षीचे ग्राफ काढण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यातली वीसेक वर्षे कामावरून परतल्यावर गच्चीवर एक साधी दुर्बीण मांडून गल्लीतल्या मुलांना चंद्र, गुरू आणि शनी दाखवण्याचा माझा परिपाठ आहे. मी शिक्षक नाही आणि शास्त्रज्ञही नाही. मात्र इतकी वर्षे दुर्बिणीपाशी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांचे प्रश्न ऐकत आलो आहे, आणि त्या प्रश्नांच्या भरवशावरच हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी एका शाळेने मला चांद्रयान-३ चे अवतरण पाहायला बोलावले होते. शाळा सुटून गेली होती, तरी दोनशेहून अधिक मुले सभागृहात दाटीवाटीने बसली होती. सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ हे त्याचे उतरणारे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात सुखरूप उतरले, तेव्हा झालेल्या टाळ्या आणि मुलांचा गलका मी आयुष्यभर विसरणार नाही. पेढे वाटले गेले, घोषणा झाल्या आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतली सातवीतली एक मुलगी दप्तर पाठीला लावून माझ्या दाराशी थांबली आणि म्हणाली, “अण्णा, आता ते तिथं काय करतंय?” मला जेवढे ठाऊक होते तेवढे मी सांगितले. संध्याकाळी ती परत आली. हाच प्रश्न तिने शाळेतही विचारला होता आणि ‘कार्यक्रम कालच झाला’ असे उत्तर तिला मिळाले होते. कोणाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. उत्तर देणाऱ्यांच्या हातात तरी काय होते? त्यांच्याकडे कार्यक्रमपत्रिका आली होती, आणि ती अवतरणापाशीच संपत होती.

प्रत्यक्षात काम त्या टाळ्यांनंतर सुरू झाले होते. २४ ऑगस्टला ‘प्रज्ञान’ हा २६ किलो वजनाचा रोव्हर, म्हणजे चाकांवर चालणारी छोटी गाडी, विक्रमच्या उतरत्या फळीवरून खाली आला आणि सेकंदाला फार तर एक सेंटिमीटर इतक्या धिम्या गतीने चालू लागला. २६ ऑगस्टला विक्रमवरच्या कंपनमापकाने एक हादरा टिपला. तो रोव्हरच्या चालण्याचा नव्हता, नैसर्गिक असावा असे शास्त्रज्ञांनी सांगितले. २७ तारखेला विक्रमने जमिनीत खुपसलेल्या तापमापकाचा आलेख प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी रोव्हरसमोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आल्याने त्याला माघारी वळवावे लागले. त्यानंतर लेझरच्या साहाय्याने जमिनीत गंधक असल्याची खात्री झाली. ३० तारखेला प्रज्ञानने विक्रमचा फोटो काढला. शंभर मीटरहून अधिक चालून २ सप्टेंबरला रोव्हर झोपवण्यात आला. ३ सप्टेंबरला विक्रमने इंजिने पुन्हा पेटवून सुमारे चाळीस सेंटिमीटरची उडी मारली आणि थोड्या अंतरावर पुन्हा अलगद टेकले. ४ सप्टेंबरच्या सकाळी तेही झोपी गेले. चंद्रावरची रात्र चौदा दिवसांची असते आणि त्या थंडीतून ती यंत्रे पुन्हा जागी झाली नाहीत. २२ सप्टेंबरला हाका मारून पाहिल्या, उत्तर आले नाही.

हे बारा दिवस म्हणजे ग्रहसंशोधन. अवतरण म्हणजे तिथवर पोहोचणे. केंद्र सरकारने २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून जाहीर केला याचा मला मनापासून आनंद आहे. तथापि त्या दिवशी आपल्या शाळांमध्ये जे घडते, म्हणजे थर्माकोलची रॉकेटे, रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा आणि प्रक्षेपणाच्या तारखांची प्रश्नमंजूषा, त्यातून मुलाला अभिमान वाटतो, परंतु काम कसे चालते ते कळत नाही. माझी विनंती अशी आहे की सोलापूर जिल्ह्याने हा दिन २३ ऑगस्टपासून ४ सप्टेंबरपर्यंत पाळावा. अवतरणानंतरच्या बारा दिवसांत सकाळच्या परिपाठातली दहा मिनिटे त्या तारखेला चंद्रावर काय झाले हे सांगण्यासाठी आणि जमेल तिथे तसेच काहीतरी आपल्या हातांनी करून पाहण्यासाठी द्यावीत. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

करून पाहणे म्हणजे काय, ते मी अनुभवातून सांगतो. विक्रमच्या तापमापकाचा आलेख मी एका चादरीच्या खोक्याच्या मागच्या बाजूला मोठा काढून गल्लीत टांगला होता. पृष्ठभागावर तापमान ५० अंशांच्या वर, आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे १० अंशांच्या आसपास. मुलांना हे खरे वाटेना. तेव्हा पुढच्या मे महिन्यात, पारा ४३ अंशांवर असताना, आम्ही शहराबाहेरच्या एका नांगरून पडलेल्या काळ्या रानात दुपारी दोन वाजता गेलो. प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक नेले होते. एक मातीच्या वरच्या थरात नुसता टेकवला आणि दुसऱ्यासाठी सळईने आठ सेंटिमीटरचे भोक पाडून त्यात सोडला. वरच्याने ५७ अंश दाखवले, खालच्याने ४१. मुले चप्पल काढून पाय ठेवून पाहत होती आणि पटकन उचलत होती. एका मुलाने विचारले की आपल्याकडे सोळाच अंशांचा फरक का आणि तिथे साठाहून जास्त का. तिथे मातीच्या कणांमध्ये हवा नाही, ओलावा नाही, कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात, म्हणून उष्णता खाली झिरपतच नाही, एवढे सांगितल्यावर तोच म्हणाला, “म्हणजे चंद्राची माती गोधडीसारखी आहे.” विद्यापीठातल्या प्राध्यापकाने याहून नेमके सांगितले नसते. हा प्रयोग कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात होऊ शकतो. ऑगस्टमध्ये ऊन नसते हे खरे, म्हणून मोजमाप उन्हाळ्यात घेऊन ठेवावे आणि चर्चा ऑगस्टमध्ये करावी. शाळांना सुट्टी लागण्यापूर्वीचा एप्रिल त्यासाठी पुरेसा तापलेला असतो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. जेकार्डवर चादर विणायची तर आधी चौकटींच्या कागदावर नक्षी काढावी लागते. प्रत्येक चौकट म्हणजे एक निर्णय असतो. चौकट भरलेली असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलायचा, कोरी असेल तर नाही. मोर असो की कमळ, माग त्यातले काहीच ओळखत नाही. तो फक्त ओळीमागून ओळ वाचत जातो आणि चित्र कापडावर उमटते. १९६५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा मंगळाचे जवळून घेतलेले पहिले फोटो पृथ्वीवर याच रीतीने आले. प्रत्येक फोटो दोनशे ओळींचा, प्रत्येक ओळीत दोनशे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड सांगणारा शून्य ते त्रेसष्ट यांपैकी एक आकडा. संदेश सेकंदाला आठ बिटांच्या थोड्या वर इतक्या मंद गतीने येत होता, त्यामुळे एक फोटो पुरा व्हायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. संगणकाने चित्र तयार करेपर्यंत तिथल्या अभियंत्यांना धीर धरवला नाही. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्यांनुसार रंगीत खडूंनी त्या भरायला घेतल्या. मंगळाचे दूरचित्रवाणीवरून आलेले पहिले चित्र अशा प्रकारे माणसांच्या हातांनी रंगवले गेले आणि ते आजही जपून ठेवलेले आहे.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे तर आमचेच काम होते. मग मी चंद्रावरच्या एका विवराचा फोटो घेतला, त्याचे चाळीस गुणिले चाळीस चौकटींचे आकडे केले, शून्य ते सात, आणि पाच-पाच ओळींच्या आठ पट्ट्या आठ मुलांना दिल्या. चित्र कशाचे आहे ते सांगितले नाही. शून्याला काळा, सातला कोरा, मधल्यांना पेन्सिलीच्या कमी-जास्त छटा. दीड तास ती मुले खाली मान घालून बसली होती. पट्ट्या चिकटवल्यावर पहिल्यांदा कोणालाच काही कळले नाही. मग एक मुलगा चार पावले मागे सरला आणि ओरडला, “अण्णा, टेकडी आहे!” दुसरा म्हणाला खड्डा आहे. कागद उलटा धरला तर टेकडीचा खड्डा झाला आणि खड्ड्याची टेकडी. वाद मिटेना. शेवटी ज्या मुलीचा मी वर उल्लेख केला तिने विचारले, “ऊन कुठल्या बाजूनं पडलंय?” यानांनी पाठवलेले फोटो वाचताना शास्त्रज्ञांनाही आधी हेच पाहावे लागते. ऊन कोणत्या दिशेचे हे ठाऊक नसेल तर खोलगट काय आणि उंच काय याबद्दल डोळा फसतो. सूर्याची दिशा फोटोसोबतच्या माहितीत नोंदलेली असते आणि ती वाचल्याशिवाय फोटोचा अर्थ लावता येत नाही. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीतले कोणतेही मूल चंद्राचा फोटो पाहिला की आधी सावली शोधते.

सोलापुरातल्या किती घरांत माग आहेत किंवा होते, किती मुलांचे आईवडील टॉवेल, चादर, गारमेंटच्या कामात आहेत, हे आपणास माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ज्या शहरातल्या मुलांना चौकटींमधून चित्र उभे करणे घरात दिसते, त्यांना दूरच्या यानाकडून चित्र कसे येते हे शिकवायला परदेशी पुस्तकातले उदाहरण कशाला हवे?

फोटोंबद्दल आणखी एक महत्त्वाची गोष्ट. इस्रोच्या चांद्रमोहिमांची आणि मंगळयानाची पुष्कळ मोजमापे बंगळूरुजवळच्या ब्यालालू येथील माहितीकेंद्रामार्फत सर्वांसाठी खुली आहेत. अमेरिकेच्या यानांचे फोटोही खुले असतात. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो तर २०१६ पासून सामान्य लोकच सुधारतात आणि त्यांतली उत्तमोत्तम चित्रे शास्त्रज्ञही वापरतात. हे खुलेपण किती मोलाचे आहे ते आपल्याच देशात दिसले. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे, याच नावाचे, विक्रम चंद्रावर आदळले आणि कुठे पडले ते सापडेना. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने त्या भागाचा फोटो घेऊन तो सर्वांसाठी खुला केला. चेन्नईतले एक अभियंते, षण्मुग सुब्रमण्यन, यांनी आपल्या घरी बसून जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून रात्रीमागून रात्री तुलना केली आणि पूर्वी नसलेला एक उजळ ठिपका शोधून काढला. त्यावरून पुढचा शोध घेऊन डिसेंबर २०१९ मध्ये नासाने अवशेष सापडल्याचे जाहीर केले आणि श्रेय त्यांना नावानिशी दिले. ते कोणत्याही अंतराळसंस्थेत नोकरीला नव्हते. फोटो उपलब्ध होता, चिकाटी होती, आणि कसे पाहायचे ते कळत होते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सोलापूरच्या मुलांकडे आहेत, तिसरी शिकवता येते.

या निमित्ताने मला २०१९ च्या अपयशाबद्दलही लिहावेसे वाटते, कारण शाळांच्या कार्यक्रमांतून ते गाळले जाते. यशस्वी मोहिमांची यादी पाठ करून घेताना मध्येच एक अपयश सांगणे कदाचित अशुभ वाटत असावे. वास्तविक चांद्रयान-३ ची रचना त्या अपयशातूनच झाली. काय काय बिघडू शकते आणि बिघडले तरी यान कसे उतरवता येईल, याचा विचार आधी करून ते यान बांधले, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले होते. पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा विस्तृत ठेवली. दहावीत एका विषयात राहिलेल्या मुलाला हे ठाऊक असणे गरजेचे आहे, आणि ते त्याला शाळेनेच सांगावे असे मला वाटते.

भाषेचा प्रश्न मोठा आहे. वर सांगितलेली सगळी माहिती इंग्रजीत आहे. सोलापूरचे वैशिष्ट्य असे की इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत आणि महापालिका स्वतः त्या चालवते. म्हणजेच या चारही भाषांत विज्ञान समजावून सांगणारे शिक्षक आपल्याकडे आजच आहेत. बारा दिवसांसाठी रोजचे एक पान, एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला मोजके वर्णन, असे बारा कागद या शिक्षकांनी मिळून चार भाषांत तयार केले तर ते काम एकदाच करावे लागेल आणि दरवर्षी वापरता येईल. शब्दांवरून मात्र अडून बसू नये अशी माझी नम्र सूचना आहे. ‘बग्गी’ म्हणावे की ‘रोव्हर’, ‘अवतरक’ की ‘लँडर’, यावर पत्रव्यवहार होत राहतो आणि पान छापले जात नाही. मुलांना ‘रोव्हर’ कळतो, तोच राहू द्यावा. ज्या ठिकाणी आपला शब्द चपखल आहे, जसे विवर, कक्षा, उल्का, सावली, तिथे तो वापरावा.

अंतरांचा विषय पुस्तकात जसा येतो त्यावरून मुलाला काहीच अंदाज येत नाही. पंधरा कोटी किलोमीटर ही केवळ लिहिण्याची संख्या आहे. आम्ही घरातल्या वस्तूंनी सूर्यमाला मांडतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा चार मिलिमीटरचा एक टपोरा दाणा म्हणजे पृथ्वी. मग सूर्य झाला ४४ सेंटिमीटरची परात, आणि ती दाण्यापासून ४७ मीटरवर ठेवावी लागते. चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा एक दाणा, ज्वारीच्या दाण्यापासून बारा सेंटिमीटरवर. माणूस आजवर जास्तीत जास्त जिथे गेला ते अंतर हे एवढेच, एक वीतसुद्धा नाही. मंगळ दोन मिलिमीटरचा, परातीपासून ७१ मीटरवर. गुरू म्हणजे मोठे लिंबू, अडीचशे मीटरच्या थोडे अलीकडे. शनी साडेचारशे मीटरवर. नेपच्यून दीड सेंटिमीटरचे बोर, परातीपासून एक किलोमीटर चारशे मीटरवर. शाळेच्या दारात परात ठेवून मुलांना दाणे आणि लिंबू घेऊन रस्त्याने चालवले की ती गुरूपाशीच दमू लागतात आणि ‘मधे एवढं रिकामं का?’ असे विचारतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा या हिशेबाने किती लांब ठेवावा लागेल, तेही मी सांगतो. सुमारे १२,६०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या खऱ्या पृथ्वीच्या व्यासाइतका. हे सांगितल्यावर मुले काही वेळ बोलतच नाहीत.

पायाखालच्या दगडाचेही तसेच. आपला सगळा जिल्हा दख्खनच्या पठारावर आहे. विहीर खणताना लागणारा काळा पाषाण हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्ह्याचा. चंद्रावरचे जे काळे डाग आपण लहानपणापासून ससा म्हणून पाहतो तेही बेसाल्टचेच, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही त्याच जातीचा. विक्रम उतरले तो प्रदेश मात्र वेगळ्या, फिकट खडकाचा आहे. चांद्रयान-२ च्या तयारीत तशी माती हवी होती तेव्हा इस्रोने तामिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातला तशा जातीचा खडक दळून वापरला होता. एका खेड्याजवळचा दगड चंद्रावर उतरण्याच्या सरावासाठी उपयोगी पडतो, ही बाब ग्रामीण शाळेतल्या भूगोलाच्या तासाला सांगितली गेली तर त्या तासाचा रंगच पालटेल. पुढे चांद्रयान-४ चंद्रावरची माती परत आणणार आहे. आज सहावीत असलेले एखादे मूल ती माती तपासणाऱ्यांत असू शकते.

विद्यार्थ्यांइतकाच मला सर्वसामान्य लोकांचा विचार महत्त्वाचा वाटतो, आणि याबाबत आपल्या जिल्ह्याला जी संधी आहे ती इतर फारशा कोणाला नाही. कार्तिकी एकादशीला लाखो वारकरी पंढरपुरात असतात. पाऊस संपलेला असतो, आकाश बहुधा निरभ्र असते, आणि शुद्ध एकादशी असल्यामुळे दरवर्षी त्या संध्याकाळी चंद्र सारख्याच कलेचा, वर चढलेला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत दिसणारा असतो. त्या चंद्रावर कोपर्निकस विवर स्पष्ट दिसते, टायको विवरापासून फाकलेले उजळ पट्टे दिसतात, आणि विक्रम ज्या दक्षिणेकडच्या भागात उतरले तो भागही उजेडात असतो. यान दिसत नाही, पण जागा बोट ठेवून दाखवता येते. चंद्रभागेच्या वाळवंटात दहा दुर्बिणी आणि दहा समजावून सांगणारे तरुण उभे केले, तर दर्शनबारीत आठ-दहा तास उभे राहण्याची सवय असलेला वारकरी दुर्बिणीच्या रांगेतही आनंदाने उभा राहील. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी पहिल्यांदा चंद्राची विवरे पाहिली तेव्हा त्यांनी आपोआप हात जोडले आणि मग विचारले की हे खड्डे पडले कशाने. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकाच वेळी राहिल्या आणि मला त्यात काहीही विसंगत वाटले नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरही असेच करता येईल. तिथे पाळण्यांचे दिवे प्रखर असतात, तरी चंद्र किंवा एखादा ठळक ग्रह त्या उजेडातही दिसतो. या दोन्ही ठिकाणच्या जागेसाठी मा. जिल्हाधिकाऱ्यांशी आपण बोलावे, अशी विनंती आहे.

आकाश पाहायला जग आपल्या जिल्ह्यात आले होते, हेही सहज सांगून ठेवतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून जात होता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथे आले होते आणि पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांचेही पथक तिथेच होते. जेऊरच्या आजच्या शाळकरी मुलांना हे माहीत असायला हवे. बारा कागदांबरोबर तेरावा कागद त्याचा असावा.

प्रश्नांच्या वहीबद्दल लिहून मी थांबतो. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर मुलांनी स्वाक्षरी मागितली की सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, मी स्वाक्षरीसह उत्तर पाठवीन. आणि ते पाठवतही असत. प्रत्येक शाळेत तशी एक वही असावी. शिक्षकांना उत्तर येत असेल तर त्यांनी तिथेच लिहावे. येत नसेल तर महिन्यातून एकदा ते प्रश्न एकत्र करून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातल्या किंवा शहरातल्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्र व भूशास्त्र विभागांकडे द्यावेत. जिथे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे. मुलांना ‘हे अजून कोणालाच माहीत नाही’ असे वाचायला मिळाले की त्यांचे डोळे चमकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. गेल्या हिवाळ्यात, २०२५ च्या अखेरीस, शनीची कडी जवळजवळ कडेवरून दिसत होती, त्यामुळे दुर्बिणीतून फक्त एक बारीक रेघ दिसे. रांगेतला एक लहान मुलगा फार हिरमुसला. कडी तिरपी कशी होत जातात हे मी त्याला चपाती आडवी धरून दाखवले. मग त्याने विचारले, “कडी पहिल्यापासून होती का नंतर आली?” यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. मी तसे सांगितले. तो दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन परत आला.

शिक्षकांवर कामांचा किती भार आहे याची मला जाणीव आहे आणि त्यात आणखी एका अहवालाची भर पडावी असे मी सुचवत नाही. फोटो काढून पोर्टलवर चढवण्याची अट या उपक्रमाला कृपया लावू नये. ज्या शाळेला बारांपैकी चारच दिवस जमतील तिने चारच करावेत. संध्याकाळच्या आकाशदर्शनाला मुलींना घरून पाठवत नाहीत, म्हणून ते शाळेपेक्षा वस्तीत, कोणाच्या तरी गच्चीवर किंवा मंदिराच्या पटांगणात, आयांना सोबत बोलावून ठेवावे. आमच्याकडे आया आल्या की मुलींची संख्या आपोआप वाढते, आणि आयाही दुर्बिणीपासून लवकर हलत नाहीत.

माझ्याकडे ज्वारीच्या दाण्याच्या मापाची तयार पाटी आहे, विवराच्या आठ पट्ट्यांचा ग्राफ आहे आणि दोन तापमापक आहेत. ग्राफाच्या हव्या तितक्या प्रती मी स्वखर्चाने काढून देईन आणि रविवारी कोणत्याही शाळेत येऊन शिक्षकांना तो कसा वापरायचा ते दाखवीन. दाराशी थांबून प्रश्न विचारणारी ती मुलगी आता मोठ्या वर्गात आहे. प्रज्ञानने काढलेल्या विक्रमच्या फोटोचा साठ गुणिले साठ चौकटींचा ग्राफ तिने स्वतः तयार केला आहे आणि तो यंदाच्या बारा कागदांत ३० ऑगस्टच्या पानावर छापावा असे तिचे म्हणणे आहे. आपल्या उत्तराची आम्ही दोघे वाट पाहत आहोत.

आपला नम्र,
पूर्व भागातील एक जेकार्ड नक्षीकार,
सोलापूर